मेबलला ‘बिचारी’ म्हणणाऱ्यांना

मूकपटांच्या गप्पांत कुणी मेबल नॉर्मंडचं नाव काढलं, की समोरच्या जाणकाराचा चेहरा ठरल्यासारखा बदलत जातो. आधी कपाळाला आठी, मग आठवल्याचं समाधान, मग एक उसासा. ‘ती चॅप्लिनची नायिका ना? बिचारी, फार लवकर गेली.’ एवढ्यात मेबलचा निकाल लागतो आणि गाडी पुन्हा चार्लीच्या काठीवर, बुटांवर येते. जाणकार थोडा जास्त वाचलेला असला, तर आवाज खाली आणून एका खुनाचा उल्लेख करतो, एका पिस्तुलाचा करतो, ‘कोकेन’ हा शब्द चवीनं उच्चारतो आणि क्षयावर येऊन थांबतो. १८९२ साली न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवर जन्मलेली आणि १९३० च्या फेब्रुवारीत, वयाच्या ३७ व्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या मन्रोव्हियाच्या सॅनेटोरियममध्ये वारलेली ही बाई मधली वर्षं काय करत होती, हे विचारायची तसदी कुणी घेत नाही.

हे मत एकट्यादुकट्याचं असतं तर दुर्लक्ष करता आलं असतं. पण ते आत्मचरित्रांत आहे, ऑस्करच्या शर्यतीत उतरलेल्या चरित्रपटात आहे, ब्रॉडवेच्या संगीतिकेत आहे आणि तिथून झिरपत झिरपत ते आपल्याकडच्या पुरवण्यांपर्यंत आलं आहे. त्याचा सारांश असा. मेबल दिसायला गोड होती, पाण्यात सूर छान मारायची, पडायची छान. मॅक सेनेट या चतुर निर्मात्यानं तिला उचललं आणि घडवलं. मग चार्ली चॅप्लिन नावाचा असामान्य माणूस आला, त्याच्या उजेडात ती काही काळ चमकली. मधे तिला दिग्दर्शनाची हौस आली होती, पण ते काही तिला जमलं नाही. पुढे वाईट संगत, पार्ट्या, लफडी, आजारपण. आणि राहिलं नाव, तर काळ मोठा न्यायी असतो. ज्यात दम होता ते उरलं, बाकीचं वाहून गेलं.

यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, म्हणूनच सगळं मिळून होणारं खोटं पकडायला अवघड जातं.

‘चॅप्लिनची नायिका’पासूनच सुरुवात करावी. चॅप्लिन सेनेटच्या कीस्टोन कंपनीत काम करायला आला तो १९१३ च्या डिसेंबरात, आठवड्याला दीडशे डॉलरवर. मेबल तिथे त्याच्या आधीपासून होती म्हणणंही अपुरं आहे. ती कंपनी जिच्या जोरावर उभी राहिली त्या तिघाचौघांतली ती एक होती. २३ सप्टेंबर १९१२ ला कीस्टोननं आपले पहिले दोन विनोदपट बाजारात आणले. त्यातल्या ‘द वॉटर निम्फ’ची नायिका मेबल. पुढच्या वर्षभरातली काही नावं पाहा: ‘मेबल्स लव्हर्स’, ‘मेबल्स अ‍ॅडव्हेंचर्स’, ‘मेबल्स ऑफुल मिस्टेक्स’, ‘मेबल्स न्यू हीरो’, ‘मेबल्स ड्रॅमॅटिक करिअर’. चित्रपटाच्या नावातच नटीचं नाव छापायचं म्हणजे प्रेक्षक दारावर तिकीट कुणाच्या नावानं मागतो, हे वितरकाला पक्कं ठाऊक होतं. त्या काळात बऱ्याच कंपन्या नटांची नावं छापायलाही राजी नसत. पगार वाढवून मागतील म्हणून. त्याच १९१३ साली इकडे फाळक्यांच्या तारामतीचं काम अण्णा साळुंखे यांना करावं लागत होतं, कारण पडद्यावर यायला बाई मिळत नव्हती. आणि तिकडे एका विशीतल्या मुलीच्या नावावर चित्रपटांची माळ लागली होती.

तर कोण कुणाची नायिका? त्याच १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्वांची ओळख कुणी ‘गणपतराव बोडसांची नायिका’ अशी करून दिली, तर पुण्यात त्या माणसाला चहा तरी मिळेल का? गणपतराव थोर होते, याबद्दल वाद नाही. पण पाटी कुणाच्या नावाची होती, हे विसरून कसं चालेल?

चॅप्लिनचा तो जगप्रसिद्ध भटक्या, ढगळ विजार आणि आखूड कोट घालून, कॅमेऱ्यापुढे पहिल्यांदा उभा राहिला तो ‘मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट’ या चित्रपटासाठी. दोन दिवस आधी दुसरा एक चित्रपट प्रदर्शित झाला म्हणून भटक्या पडद्यावर पहिल्यांदा दाखवण्याचा मान त्या दुसऱ्याला मिळाला, एवढंच. भटक्याच्या जन्मावर पुस्तकांच्या पुस्तकं आहेत: विजार कीस्टोनमधल्याच जाडजूड नट आर्बकलची, बूट तिथल्याच फोर्ड स्टर्लिंगचे, हॅट आर्बकलच्या सासऱ्याची. ज्या चित्रपटासाठी हा वेश पहिल्यांदा चढवला, त्याच्या दिग्दर्शनाच्या श्रेयात मेबलचं नाव लागतं, हे मात्र त्या कथेत सहसा येत नाही. बुटांच्या मालकाला इतिहासात जागा मिळाली, दिग्दर्शिकेला नाही.

आता दिग्दर्शन ‘न जमल्या’चा पुरावा काय? पुरावा एकच, आणि तो चॅप्लिनच्या १९६४ च्या आत्मचरित्रातला. प्रसंग ‘मेबल अ‍ॅट द व्हील’च्या चित्रीकरणाचा, १९१४ च्या सुरुवातीचा. चॅप्लिन खलनायक. नायिकेची मोटार घसरावी म्हणून त्यानं रबरी नळीनं रस्ता भिजवायचा आहे. त्यानं एक गंमत सुचवली: नळीवर आपलाच पाय पडावा, पाणी थांबावं, काय झालं म्हणून आपण नळीच्या तोंडात डोकावावं, पाय उचलला जावा आणि फवारा तोंडावर यावा. मेबल म्हणाली, वेळ नाही, सांगितलंय ते कर. चॅप्लिन रस्त्याच्या कडेला जाऊन बसला, काम करायला नकार दिला. मेबल गोड होती, सगळ्यांची लाडकी होती, पण दिग्दर्शक म्हणून तिचा वकूब नव्हता, असं तो पन्नास वर्षांनी लिहितो. तोवर तिला जाऊन ३४ वर्षं झाली होती. उत्तर द्यायला येणार कोण?

ही गोष्ट चॅप्लिनप्रेमी भक्तिभावानं सांगतात. अलौकिक प्रतिभा आणि तिला न ओळखणारी पोर! पण त्या गमतीकडे एकदा नीट पाहा. नळीवर पाय, पाणी बंद, डोकावणं, फवारा. ही गंमत ल्युमिए बंधूंनी १८९५ साली पडद्यावर आणली होती. सिनेमाच्या जन्मवर्षीच! माळी नळीनं बागेला पाणी घालतोय, पोरगा मागून नळीवर पाय देतो, पुढचं ठाऊकच आहे. सिनेमातला बहुधा सगळ्यात जुना विनोद. १९१४ साली तो एकोणीस वर्षांचा शिळा होता. मेबलनं जे नाकारलं ती काही अलौकिक प्रतिभा नव्हती, तो आदल्या जमान्यातला उरलेला भात होता. तो परतायला तिनं नकार दिला, यात दिग्दर्शक म्हणून तिचं चुकलं काय?

आणि ‘वेळ नाही’ हे उत्तर तरी असं काय अपमानकारक आहे? कीस्टोनमध्ये वर्षाकाठी शंभरावर छोटे विनोदपट निघत. चॅप्लिन एकटाच त्या एका वर्षात पस्तिसेक चित्रपटांत दिसला. खऱ्या मोटारशर्यतीच्या वेळी जाऊन गर्दीची दृश्यं टिपायची, उजेड आहे तोवर उरलेलं उरकायचं, असा मामला. अशा वेळी नव्या नटाची सूचना बाजूला सारणं ही जगातल्या कोणत्याही दिग्दर्शकाची रोजची कामगिरी आहे. पुरुष असता तर ‘शिस्तीचा माणूस’ म्हणून कौतुक झालं असतं.

अडचण काय होती, हे चॅप्लिननं फारसं लपवलेलंही नाही. पंचविशीतल्या, लंडनच्या रंगभूमीवर मुरलेल्या नटाला एकविशीच्या पोरीनं सांगितलेलं करायचं नव्हतं. रुसवा होता तो. त्याचं चित्रपटाच्या इतिहासात ‘मूल्यमापन’ झालं.

बरं, वकूब नव्हता म्हणावं, तर पुढे काय घडलं? ‘मेबल अ‍ॅट द व्हील’ पुरा झाला आणि एप्रिलच्या मध्यावर लागला. त्याच महिन्याच्या अखेरीस ‘कॉट इन अ कॅबरे’ आला. त्याची दिग्दर्शिका मेबल, त्यात काम करणारा चॅप्लिन. जूनमध्ये ‘मेबल्स बिझी डे’, पुन्हा दोघं. तिच्याच दिग्दर्शनाखाली तो शर्यतीच्या मैदानावर सॉसेज विकणाऱ्या मेबलशी मारामारी करताना दिसतो. लगेच ‘मेबल्स मॅरिड लाइफ’ दोघांनी मिळून लिहिला. वर्षअखेरीपर्यंत अशा डझनभर चित्रपटांत ती जोडी दिसली. ज्या दिग्दर्शिकेची कुवत नाही तिच्याकडे हा असामान्य माणूस पुन्हा पुन्हा का गेला? की त्या वर्षात तो तिच्याकडून काही शिकत होता, हे म्हणायला जड जातं?

रिचर्ड अ‍ॅटनबरो यांनी १९९२ साली चॅप्लिनवर चित्रपट केला. त्यात मरिसा टोमेईनं साकारलेली मेबल आदळआपट करणारी, कर्कश, कामाचं काही न कळणारी अशी आहे. तिच्या तोंडावर प्रतिभावंत जिंकतो आणि प्रेक्षक टाळ्या देतो. एका माणसाचा पन्नास वर्षं जपलेला रुसवा आता रंगीत झाला, जगभर दिसला, आणि ज्यांनी मेबलचं एक रीळही पाहिलेलं नाही त्यांना तिच्याबद्दल ठाम मत मिळालं.

दुसरा दावेदार सेनेट. त्यानं तिला ‘घडवलं’. घडवण्याचा हा दावा आणखीही काहींनी करून ठेवला आहे, कारण मेबल दिग्दर्शक ग्रिफिथ होता त्या बायोग्राफ कंपनीतही होती आणि पुढे सॅम्युअल गोल्डविनकडेही. एका बाईला घडवायला किती पुरुष लागतात, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. सेनेटकडे १९१२ मध्ये काय होतं? केसल आणि बाउमन या दोघांचा पैसा, लॉस एंजेलिसच्या एडनडेलमधली एक जुनी जागा, फोर्ड स्टर्लिंग, फ्रेड मेस आणि मेबल. त्या आधी मेबल चित्रकारांपुढे बसून पैसे मिळवत होती. चार्ल्स डेना गिब्सनसारख्यांनी तिच्यावरून चित्रं केली होती. ती सेनेटला सापडली असं म्हणण्यापेक्षा सेनेटला ती मिळाली, असं म्हणणं मराठीला जास्त शोभेल.

सेनेट स्वतः काम कसं करायचा, ते ‘मेबल्स ड्रॅमॅटिक करिअर’मध्ये दिसतं. १९१३ चा हा छोटा चित्रपट सुदैवानं उरला आहे, आणि मेबलबद्दल बोलण्याआधी तो पाहण्याची सक्ती करायला हरकत नाही. सेनेट खेड्यातला भोळसट तरुण, मेबल त्याच्या घरची स्वैपाकीण. प्रेम, अंगठी, सगळं झालेलं. शहरातली नटवी मुलगी येते, आईला स्वैपाकीण सून नको असते, आणि हा बाबा अंगठी परत मागतो. मेबल रडत नाही. ती मारामारी करते, मग घराबाहेर पडते आणि शहरात जाऊन चित्रपटात काम मिळवते. कुठे? कीस्टोनमध्येच. काही वर्षांनी सेनेट शहरात येतो, एका छोट्या थिएटरबाहेर तिचं पोस्टर पाहतो, तिकीट काढून आत बसतो. पडद्यावर मेबल संकटात. शेजारच्या खुर्चीत जाडजूड आर्बकल प्रेक्षक म्हणून. सेनेट उठतो, बसतो, हातवारे करतो, शेजाऱ्याला सांगत सुटतो की ही आमची! खलनायक मेबलवर चालून येतो तसा हा पिस्तूल काढून पडद्यावर गोळ्या झाडतो आणि थिएटर रिकामं होतं.

पडद्यातल्या पडद्यात दिसणाऱ्या मेबलचा अभिनय मुद्दाम ठोकळेबाज आहे, छाती पिटणारा. बाहेरच्या गोष्टीतली मेबल मात्र बारीक बारीक काम करते. अंगठी मागितल्यावर क्षणभर तिचा विश्वासच बसत नाही, मग हनुवटी वर जाते. खलनायक झालेला स्टर्लिंग डोळे वटारतोय, सेनेट हात फेकतोय, आणि या गदारोळात एकच व्यक्ती अशी आहे की जी माणसासारखी वागते. कीस्टोनच्या बाकी नटांचा विनोद त्यांच्या अंगविक्षेपात होता. मेबलला काहीतरी सुचलं, की ते आधी तिच्या डोळ्यांत दिसायचं. चॅप्लिनच्या विनोदाची जी थोरवी म्हणून सांगितली जाते, मारामारीच्या मधोमध अचानक येणारा तो खरा क्षण, तो कीस्टोनमध्ये त्याच्या आधी कोण आणत होतं, हे पाहायला दहा-बारा मिनिटं लागतात.

सेनेटचं १९५४ चं आत्मचरित्र मेबलनं भरलेलं आहे. प्रेम जुळलं, लग्न ठरलं, मोडलं, वगैरे. १९७४ मध्ये ब्रॉडवेवर या दोघांवर संगीतिका आली: ‘मॅक अँड मेबल’. नावात पहिलं कोण, ते वेगळं सांगायला नको. १९१६ मध्ये मेबलच्या नावानं स्वतंत्र कंपनी निघाली आणि लॉस एंजेलिसमध्ये तिच्यासाठी स्टुडिओ बांधला गेला. ती वास्तू राहिली, पण गेली अनेक वर्षं ओळखली गेली सेनेटच्या नावानं. त्या स्टुडिओच्या ‘मिकी’ची गोष्टही तशीच. खाणीच्या वस्तीत वाढलेल्या आणि जॉकीच्या वेशात घोडा पळवणाऱ्या मुलीचा हा चित्रपट तयार होऊन पडून राहिला. वितरकांना त्यात पुरेशी आदळआपट दिसेना. १९१८ च्या ऑगस्टात कसाबसा बाहेर पडला, आणि महायुद्धाच्या व साथीच्या त्या वर्षात लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. बाजार कळणाऱ्या पुरुषांना बाजार कळला नाही, असं एखाद्या चित्रपट-इतिहासात वाचल्याचं कुणाला आठवतं का?

इथे मेबलच्या भक्तांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत. तोंडावर फेकून मारलेला पहिला पाय (खायचा, चालायचा नव्हे) मेबलनं १९१३ च्या ‘अ नॉइज फ्रॉम द डीप’मध्ये आर्बकलला मारला, असं ते सांगत फिरतात. ते खरं नाही. १९०९ मध्येच बेन टर्पिननं पडद्यावर तो खाल्ला होता. पहिलेपणाचा हा हट्ट सोडलेला बरा. जिच्याकडे दाखवायला एवढं काम आहे, तिला पायाचा आधार कशाला?

आता लफडी. इथे जाणकारांना विशेष उत्साह असतो, कारण चित्रपट पाहावे लागत नाहीत.

१ फेब्रुवारी १९२२ च्या संध्याकाळी मेबल दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलरच्या घरी गेली. दोघांची मैत्री होती, पुस्तकांची देवाणघेवाण चालायची. पाऊण-एक तासानं ती निघाली, टेलर तिला मोटारीपर्यंत सोडायला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी नोकराला त्याचं प्रेत सापडलं. पाठीत गोळी. पोलिसांनी मेबलची चौकशी केली आणि संशयितांतून वगळलं. खुनी आजतागायत सापडलेला नाही. दोन वर्षांनी, १९२४ च्या नववर्षदिनी, कोर्टलंड डाइन्स नावाच्या तेलवाल्या श्रीमंताच्या घरी मेबल आणि नटी एडना पर्व्हियान्स पाहुण्या असताना मेबलच्या ड्रायव्हरनं डाइन्सवर गोळी झाडली. पिस्तूल मेबलचं. डाइन्स वाचला. ड्रायव्हर खटल्यातून सुटला.

म्हणजे एका प्रकरणात मेबल खून होण्याआधी घरी गेली होती, दुसऱ्यात गोळी दुसऱ्यानं झाडली. गुन्हा कोणता? आरोप कोणता? पण वर्तमानपत्रांनी साप म्हणून भुई धोपटली, महिला मंडळं आणि सेन्सॉर बोर्डं खवळली, काही ठिकाणी तिच्या चित्रपटांवर बंदी आली. ज्यानं गोळी झाडली तो सुटला, ज्याला लागली तो बरा झाला, आणि शिक्षा झाली ती पाहुण्या आलेल्या दोन बायकांना. एडना पर्व्हियान्सचीही कारकीर्द तिथून उतरणीला लागली.

‘पण एकदा ठीक, दोनदा कसं?’ असं विचारणाऱ्यांनी त्याच वर्षाचं आणखी एक पान उलटावं. १९२४ च्या नोव्हेंबरात ३५ वर्षांच्या चॅप्लिननं १६ वर्षांच्या लिटा ग्रेशी घाईघाईनं लग्न केलं. ती गरोदर होती. पुढच्या वर्षी ‘द गोल्ड रश’ आला आणि आजवर त्याच्या थोरवीला या लग्नाचा ओरखडा उठलेला नाही. उठावा असंही नव्हे. चित्रपट थोर आहे. पण आपला तो बाब्या आणि लोकाचं ते कार्टं, हा न्याय इतका उघडपणे लावायचा, तर निदान त्याला नीतिमत्ता म्हणू नये. कोकेनचंही तसंच. तिच्या व्यसनाची चर्चा बरीचशी ऐकीव आहे, चरित्रकारांत त्यावर एकमत नाही; जिच्या फुप्फुसातून रक्त यायचं, त्या बाईचं खंगणं लोकांनी सोयीनं वाचलं. आणि समजा, खरं असलं? दारूत बुडालेल्या नटांची आणि कवींची आपल्याकडे चरित्रं निघतात, त्यांच्या व्यसनाला ‘कलंदरपणा’ म्हणतात. हा शब्द बाईसाठी कधी वापरला गेला आहे?

राहिला काळाचा न्याय. हा युक्तिवाद वरवर भारदस्त वाटतो, म्हणून तो सगळ्यात आळशी आहे. काळानं काही चाळलेलं नाही. मूकपटांची फिल्म नायट्रेटची होती. ती पेट घ्यायची, विरघळायची, आणि बोलपट आल्यावर कंपन्यांनी ती चांदी काढून घेण्यासाठी भट्टीत घातली. अमेरिकेतले सुमारे ७० टक्के मूक पूर्णपट नाहीसे झाले. गोल्डविनकडे मेबलनं ऐन उमेदीची वर्षं काढली, तिथले तिचे बहुतेक चित्रपट त्यात गेले. ही रद्दी आहे, निकालपत्र नव्हे. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाच्या शहरात तरी हे कुणाला समजावून सांगावं लागू नये. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतले धड किंवा तुकड्यांत उरले आहेत ते तीसेक. फातमा बेगमनं १९२६ मध्ये ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. भारतातली पहिली चित्रपट-दिग्दर्शिका म्हणून तिचं नाव सगळे घेतात, पण त्या चित्रपटाची एकही प्रत हाती नाही. तोही काळाचा न्यायच म्हणायचा का?

२०१० मध्ये न्यूझीलंडच्या संग्रहात पंचाहत्तर अमेरिकन मूकपट असल्याचं उघड झालं. जगाच्या टोकाशी खेळ संपल्यावर रिळं परत पाठवायचा खर्च परवडत नसे, म्हणून ती तिथेच राहिली होती. त्यात १९१४ च्या आरंभीचा ‘वन इन अ कबर्ड’ निघाला: मेबलनं दिग्दर्शित केलेल्या उपलब्ध चित्रपटांपैकी सगळ्यात जुना. बोटभाड्याचे चार डॉलर कुणी वाचवले म्हणून हा पुरावा उरला. काळाचा विवेक असतो तो एवढा.

आणि सगळ्यात शेवटी ‘बिचारी’. टवाळखोरांपेक्षा हे हळहळणारेच जास्त नुकसान करतात. तरुण मेलेल्या नटीचं चरित्र ते शेवटाकडून वाचतात. आधी सॅनेटोरियम, मग खोकला, मग उतरती कळा, आणि मग आधीच्या प्रत्येक हसऱ्या चेहऱ्यावर त्यांना मरणाची सावली दिसू लागते. मूकपटांतली बाई म्हणजे मोडका वाडा, विझलेले दिवे आणि वेडी म्हातारी, हा साचा ‘सनसेट बुलेव्हार्ड’ या चित्रपटानं १९५० मध्ये पक्का केला, त्यातल्या नॉर्मा डेस्मंडचं नाव नॉर्मंड आणि डेस्मंड टेलर जोडून केलं, असं म्हणतात. म्हणजे मेबलचं नावसुद्धा तिच्याकडे धड राहू दिलं नाही. प्रत्यक्षात बदनामी आणि आजार सोबत घेऊन ती १९२६ मध्ये हॅल रोचच्या स्टुडिओत रुजू झाली. ‘रॅगेडी रोझ’ केला, ‘द निकल-हॉपर’ केला, पुढच्या वर्षी लिओ मॅकॅरीबरोबर ‘शुड मेन वॉक होम?’ केला. बिचाऱ्या बायका असं करतात?

१९२३ च्या ‘द एक्स्ट्रा गर्ल’मध्ये ती नटी व्हायला हॉलीवुडला आलेली गावाकडची मुलगी आहे, काम मिळतं ते कपडेपटाच्या खोलीत. तिला एका मोठ्या कुत्र्याला सिंहाचं सोंग चढवून न्यायला सांगतात. मधल्या गोंधळात तिच्या दोरीला कुत्र्याऐवजी खराखुरा सिंह येतो. मेबल त्याला ओढत स्टुडिओभर फिरते. तो अडला की खेकसते. लोक खिडक्यांतून उड्या टाकतात, खांबांवर चढतात, आणि ही वैतागलेली, की सगळे आज असे काय वागतायत! सिंह खरा आहे. दोरी सैल आहे. ३० वर्षांच्या त्या बाईची चाल कुठेही बिचकत नाही. तिला भीती वाटत नाही असं दाखवायचं नसून, तिला काही ठाऊकच नाही असं दाखवायचं आहे, आणि ते खऱ्या सिंहाच्या शेजारी.

तेव्हा शब्द नीट वापरावेत. मेबल नॉर्मंड चॅप्लिनची नायिका नव्हती, सेनेटची निर्मिती नव्हती, टेलर-प्रकरणातली बाई नव्हती आणि बिचारी तर नव्हतीच. ती विनोदी नटी होती, अमेरिकेतल्या पहिल्या बिनीच्या विनोदवीरांपैकी एक; बायकांना देशभर मतदानाचा हक्क मिळायच्या सहा वर्षं आधी पुरुषांना ‘असं कर, तसं नको’ सांगणारी दिग्दर्शिका होती. नळीचा तो गाजलेला किस्सा सांगणाऱ्यांनी निदान तो चित्रपट एकदा शेवटपर्यंत पाहावा. त्यात चॅप्लिन नायक नाहीच. हनुवटीवर दाढीचा झुपका लावलेला तो खलनायक आहे. तो मेबलच्या प्रियकराला पळवून कोंडतो, रस्ता भिजवतो, हरतऱ्हेचे डाव टाकतो. मग मेबल स्वतः शर्यतीच्या गाडीत चढते, चाक हातात घेते. गाडी घसरते, पुन्हा रस्त्यावर येते, आणि शर्यत ती जिंकते.